हातातली खोड

"हातातली खोड निघते का, वस्ताद?"

उत्तम खराडेनं हे विचारलं तेव्हा मी तालमीच्या हौद्यात बसून लाल मातीवर लिंबं पिळत होतो. सकाळचे नऊ वाजून गेलेले, पोरं मेहनत करून घरी गेलेली. आम्ही तिघंच उरलो होतो. धोंडिराम वस्ताद, त्यांचा एके काळचा लाडका पठ्ठ्या उत्तम, आणि मी, दादू. कान मोडेपर्यंत कुस्ती केली पण नाव काही काढलं नाही, म्हणून माती कालवायचं काम माझ्याकडं.

उत्तम आता पलटणीत हवालदार आहे. नव्या जवानांना हातघाईची लढाई शिकवतो. बंदूक गेली, सुरा गेला, तर नुसत्या हातांनी समोरच्याला कसं लोळवायचं, ते. बोलण्यातही आता तोच हुकमी सूर आलाय.

"कसली खोड?" वस्तादांनी विचारलं.

उत्तमनं उजवा पंजा पुढं केला. मधली दोन बोटं वाकडी होती. मिटतच नव्हती.

"तुम्ही लावलेली."

आता ही खोड सांगायला हवी. आमच्या तालमीत एक रीत आहे, दुसरीकडं कुठं नाही. जोडीदाराला पाडलं, की तो मातीला टेकायच्या आत आपला पंजा त्याच्या डोक्यामागं गेला पाहिजे. डोकं आपटलं, तर पाडणाऱ्यानं अख्खा हौदा एकट्यानं खणायचा. मग तुम्ही टांग कितीही देखणी मारलेली असो. मी एकदा खणलाय. दोन दिवस हातात घास धरवत नव्हता.

आजूबाजूच्या तालमी आम्हाला 'उशीवाले' म्हणून चिडवायच्या. चिडवणारच की. मैदानात एक हात असा गुंतला की समोरचा निसटायचा, आणि हातची कुस्ती जायची. पण वस्तादांना कारण विचारायची कुणाची छाती झाली नाही.

उत्तम सांगायला लागला. बर्फातल्या एका चौकीवर, पहाटेच्या धुक्यात, दोन्हीकडचे जवान एकमेकांच्या अंगावरच आदळले. बंदूक उचलायला जागाच उरली नाही. त्यानं एकाला टांग मारली. खाली माती नव्हती, धोंडा होता. बारा वर्षांची पलटणीची शिकवण एकीकडं राहिली, आणि पंजा आपसूक त्या माणसाच्या डोक्यामागं गेला. बोटं धोंड्यावर चेचली. तो वाचला, उठला आणि धुक्यात पळून गेला.

तेवढ्यात उत्तमचा जोडीदार अंकुश कड्यावरून घसरला. उत्तमनं हात दिला. अंकुशनं तो पकडलाही.

"बोटं मिटली नाहीत, वस्ताद..."

मी पिळलेलं लिंबू तसंच हातात धरून बसलो.

पुढचं उत्तमनं मान खाली घालून सांगितलं. सहा वर्षं दोघं एका ताटात जेवले. अंकुशला गावाकडच्या भाकरीची फार आठवण यायची. उत्तम सुट्टी संपवून जाताना कापडात बांधून न्यायचा. पोचेपर्यंत तिचा दगड व्हायचा, तरी तो चहात बुडवून खायचा. अजूनही सुट्टी संपत आली की ह्याच्या तोंडून बायकोला निघून जातं, दोन भाकरी जास्त थाप म्हणून. मग दोघं एकमेकांकडं बघत नाहीत.

"सोमवारी परत त्याच चौकीवर जायचंय," उत्तम म्हणाला. "बरोबर नव्या पोरांची तुकडी आहे. ही खोड घेऊन मी त्यांच्यापुढं उभा राहणार नाही. पलटणीला काढता आली नाही. ज्यानं लावली त्यानं काढावी."

वस्तादांशी ह्या सुरात बोललेला माणूस मी पंचेचाळीस वर्षांत पाहिला नव्हता. म्हटलं, आता बसतेय एक मुस्काटात.

वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून उठले. ऐंशीला टेकलेला माणूस. मारुतीच्या कोनाड्याशेजारी एका तरण्या पैलवानाचा फोटो आहे. रोज सकाळी आधी मारुतीला उदबत्ती, मग त्याला. जुने कुणी वस्ताद असतील असं धरून आम्ही सगळे त्याच्या पाया पडत आलो.

वस्तादांनी धोतराच्या सोग्यानं त्या फोटोची काच पुसली.

"ह्यो बाळकू. माझी जोड. रोज ह्याच हौद्यात लढायचो."

ते फोटोकडं बघतच बोलत होते.

"त्या दिवशी टांग झकास बसली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माती खणलेली नव्हती, घट्ट झालेली..."

त्यांनी काच पुन्हा पुसली. तिच्यावर पुसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"माझा हात मोकळाच हुता."

कधी काळी हौदा खणताना ह्याच माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

उत्तमलाही ते लागलं. पण तोही दुखावलेला होता, मागं हटला नाही.

"तुमच्या बाळकूपायी माझा अंकुश गेला, वस्ताद."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "काढतो खोड. उतर हौद्यात."

त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, धोतर वर खोचलं आणि चिमूटभर माती कपाळाला लावली. मी मध्ये पडलो. म्हटलं, वस्ताद, हाडं राहिलीत का आता, आणि सकाळभर पोरांनी तुडवून माती दगड झालीय, निदान खणू तरी द्या. त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी गप बाजूला झालो.

"मला टांग मार," ते उत्तमला म्हणाले. "आन् हात मोकळा ठेव. एकदा मोकळा ऱ्हायला की मोडली खोड."

उत्तम जागचा हलला नाही. वस्तादांनी सलामीला हात पुढं केला तसा तो सवयीनं पुढं झाला. सलामी झाली. त्यानं डाव्या हातानं वस्तादांची मान धरली. उजवा हात त्यानं आपल्या अंगाला घट्ट दाबून ठेवला होता, इतका की दंडाच्या शिरा वर आल्या. त्याला खरंच खोड मोडायची होती. सोमवारी त्याच्या मागं पोरं उभी राहणार होती.

"मार," वस्ताद म्हणाले.

टांग बसली. म्हातारा वाळक्या चिपाडासारखा उचलला गेला. मी डोळे मिटले आणि आवाजाची वाट बघितली.

आवाज आला नाही.

डोळे उघडले तर वस्ताद मातीत उताणे पडलेले, आणि त्यांचं पांढरं डोकं उत्तमच्या उजव्या पंजावर. वाकडी बोटं त्या केसांत रुतलेली. उत्तम गुडघ्यावर बसून लहान पोरासारखा रडत होता.

"निघत नाही, वस्ताद... मी अंकुशला काय सांगू?"

त्यांना उठवायला म्हणून त्यानं हात काढायला घेतला. वस्तादांचे डोळे मिटलेले होते. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरत होतं.

"थांब..." ते म्हणाले. "एवढ्यात काढू नको. जरा ऱ्हाऊ दे तसाच."