शालनताईंचा दर

कोल्हापुरातले स्टुडिओ गजबजलेले होते, तेव्हाची गोष्ट. शालनताई एका स्टुडिओत नटनट्यांचे कपडे शिवायच्या. नव्या चित्रपटाचे कपडे निम्मे शिवून झाले होते, तेवढ्यात मालक इंगवले म्हणाले, "उद्यापासून नोकरी नाही, सुटं काम घ्या. पैसे कमी मिळतील, पण तुम्हीच तुमच्या मालक."

घरी दोन मुली शिकत होत्या. ताई म्हणाल्या, "पैसे कमी, हे कुणी ठरवलं?"

"मी. दर मालकच ठरवतो."

"आता माझी मालक मी ना? मग दर मीच ठरवते. पगाराच्या सव्वापट."

इंगवले खो खो हसले आणि निम्म्याच शिवून झालेल्या कपड्यांकडे बघत कबूल झाले.

तो स्टुडिओ केव्हाच पाडला. जुनी मंडळी भेटली की अजून ते हसणं आठवतात, आणि ताई लाजून विषय बदलतात.