रबरी मासा आणि लहान गळ

एकदा एक तरुण तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, आपल्या वृद्ध गुरूकडे तक्रार घेऊन आला. तक्रार अर्थातच दुसऱ्याबद्दल होती. स्वतःबद्दल तक्रार घेऊन गुरूकडे जाणारा शिष्य मला तरी अजून भेटायचा आहे.

हा गुरू कुठल्या आश्रमातला नव्हे. खाडीच्या मुखाशी असलेल्या त्या गावात त्याने उभा जन्म बोटीवर काढला होता आणि गावातल्या निम्म्या तांडेलांना समुद्र त्यानेच शिकवला होता. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तो धक्क्याच्या दगडांवर गरवत बसे, म्हणजे गळाने मासे धरी.

"बाबा, हिराजीकाकांना तुम्हीच समजवा," शिष्य म्हणाला. "माझं ऐकत नाहीत. अशाने ते जिवाला मुकतील."

गोष्ट खरी होती. हिराजींचा एकुलता मुलगा मोरेश्वर या शिष्याच्याच बोटीवर खलाशी होता. मागच्या अमावास्येच्या सुमारास बोट परत आली ती त्याच्याशिवाय. तेव्हापासून हिराजी प्रत्येक भरतीला आपली लहानशी होडी लोटून समुद्रात जात आणि खाडीबाहेरच्या बेटाच्या खडकांभोवती मुलाला हाका मारत फिरत. वय सत्तरीपलीकडचं. वल्ही मारून तळहात सोलवटले होते, त्यांवर त्यांनी चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्यात आता वारा फिरला होता. आज ना उद्या ती होडी उलटणार हे गावातल्या कुणालाही दिसत होतं.

वृद्धाने विचारलं, "तू त्यांना काय सांगितलंस?"

"मोरेश्वर पाण्यात पडला, एवढंच. पट्टीचा पोहणारा आहे, कुठे खडकाला लागला असेल, नाहीतर दुसऱ्या बोटीने उचलला असेल. शोध चालू आहे म्हटलं."

"आणि झालं काय होतं?"

शिष्याने नजर पाण्याकडे वळवली. मग म्हणाला, "जाळं सोडताना दोरीच्या वेटोळ्यात त्याचा पाय अडकला. जाळ्याबरोबर तो खाली गेला. बाकीचे पुढच्या बाजूला होते. मी एकट्यानेच बघितलं. जाळं ओढून घेतलं तर दोरी नुसतीच वर आली."

"म्हणजे तो गेला, हे तुला ठाऊक हाय."

"हो. पण म्हाताऱ्या बापाला हे कसं सांगायचं? तुम्हीच सांगा. काळीज फुटलं असतं त्यांचं. म्हणून जरा मऊ करून सांगितलं."

यावर वृद्ध काही बोलेल, निदान रागावेल, असं शिष्याला वाटलं. वृद्धाने पत्र्याचा डबा पुढे ओढला आणि म्हणाला, "बस. आपण गरवू."

"काका तिकडे जिवावर उदार झालेत आणि तुम्हाला मासे सुचतात?"

"बस म्हटलं ना!"

डब्यात शहरातल्या हौशी लोकांनी देऊन टाकलेले मऊ रबरी मासे होते. पाण्यातून ओढले की शेपटी हलवतात, आणि खरा मासा त्यांना भक्ष्य समजून तोंड घालतो. वृद्धाने हाताच्या पंजाएवढा, चांगला गुबगुबीत रबरी मासा शिष्याला दिला आणि गळांचं पुडकं त्याच्यापुढे उलटं केलं. "यातला कुठला लागेल तो लाव."

शिष्याची हयात जाळ्यावर गेलेली. गळाचं त्याला फारसं कळत नव्हतं. मोठा मासा धरायचा म्हणून त्याने सगळ्यांत मोठा गळ उचलला आणि रबराच्या तोंडातून आत घालून पाठीतून बाहेर काढला. पाण्यात टाकल्यावर रबरी मासा काठीसारखा ताठ झाला. शेपटी हलेना. जड लोखंडाने तो एका कुशीवर कलला आणि तसाच ओढला गेला. तिवरांच्या मुळांशी एक मोठा मासा, जिताडा, उभा होता, तो जवळ आला, क्षणभर थबकला आणि निघून गेला.

शिष्य चिडला. त्याने तो गळ काढून सगळ्यांत लहान गळ लावला. आता रबरी मासा फार सुरेख पोहू लागला. गळाचं टोक रबरातच बुडून गेलं होतं, बोट फिरवलं तरी लागत नव्हतं. वृद्धाने ते पाहिलं आणि तो गप्प राहिला. चुकत असलेल्या शिष्याला गुरूने अडवू नये, हे मला स्वतःला फारसं पटत नाही. पण त्या दिवशी त्याने अडवलं नाही खरं.

जिताडा परत आला. हा मासा चावत नाही. तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. त्याने रबरी मासा आत ओढला. शिष्याने दोरीला हिसका दिला, पण गळ ओठात रुतला नाही. टोक रबरात दडलेलं, ते रुतणार कशात? माशाला काही टोचलं नाही, म्हणून त्याने निश्चिंतपणे सगळं गिळून टाकलं. आणि मग, फार उशिरा, ते टोक आत कुठेतरी रुतलं.

ओढून दगडावर आणला तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून रक्त येत होतं. दोरी थेट घशातून खाली गेली होती. शिष्याने बोटं घातली, चिमटा घातला. प्रत्येक ओढीबरोबर मासा थरथरे आणि आणखी रक्त येई.

"निघत नाही, बाबा."

"मग दोरी काप आणि सोड त्याला पाण्यात," वृद्ध शांतपणे म्हणाला.

शिष्य चकित झाला. "सोडू? आत गळ राहील. मरेल तो!"

"आज नाय मरणार. पोहत जाईल. वरून बघणाऱ्याला तो धड दिसेल. मग खाणं सुटेल, आत कुजत जाईल, आणि कुठे मेला ते तुला बघावं लागणार नाय. सोड. तुला सोयीचं हाय."

शिष्याचा हात उचलेना. तेव्हा वृद्धाने बाजूचा लाकडी दांडका घेऊन माशाच्या डोक्यावर एकच घाव घातला. मासा निपचित झाला. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण माशासाठी आलं की कशासाठी, ते त्यालाच उमगलं नाही.

वृद्धाने दुसरा रबरी मासा घेतला, त्याच्या जाडीशी एकेक गळ लावून पाहिला आणि मधल्या मापाचा एक निवडला. टोक पाठीतून वर आलेलं आणि टोकाखाली मोकळी जागा. चिमटीत दाबल्यावर रबर त्या जागेत दबलं आणि टोक उघडं राहिलं.

"हे बघ," तो म्हणाला. "गळ फार मोठा असला, की मासा जवळच येत नाय. खरं नुसतं अंगावर फेकलंस, तर ऐकणारा कान मिटून घेतो. म्हणून मऊपणा लागतो, त्याला माझी ना नाय. पण मऊपणा जितका जाड, तितका आतला गळ मोठा लागतो. तू हिराजीला जाडजूड मऊ शब्द दिलेस आणि खऱ्याचं टोक त्यात बुडवून टाकलंस. त्याला टोचलं नाय, म्हणून त्याने ते गिळलं. ते आता त्याच्या आतड्यात हाय. त्याला समुद्रात तेच ओढतंय. मी समजावून ते निघणार नाय."

"पण बाबा, ही बातमी कशीही सांगितली तरी मारणारीच ना?"

"मारणारीच. ते आपल्या हातात कधीच नव्हतं. तिने कसं मारायचं, एवढंच आपल्या हातात होतं. तू त्याला दया म्हणालास. त्याच्या तोंडाकडे बघत सांगायला नको, ही तुझी सोय होती ती."

शिष्य उठला. तो किनाऱ्यावर गेला तेव्हा हिराजी पुढच्या भरतीची तयारी करत होडीतलं पाणी डब्याने उपसत होते. शिष्य होडीत चढला, त्यांच्या अगदी जवळ बसला आणि चिंध्या बांधलेला त्यांचा हात त्याने आपल्या हातात घेतला.

"काका, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मोरेश्वर गेला. जाळ्याच्या दोरीत पाय अडकला आणि तो खाली गेला. माझ्या डोळ्यांदेखत. मी दोरी ओढली, पण तो हाती लागला नाही."

हिराजींनी हात सोडवून घेतला. थोडा वेळ ते पाणी उपसतच राहिले.

"वर आलाच नाय?"

"नाही, काका."

"एकदाबी नाय?"

"एकदाही नाही."

डबा त्यांच्या हातातून होडीत पडला. "मग मी बेटावर हाका कुणाला मारत होतो रे?"

शिष्याने डबा उचलून बाजूला ठेवला. हिराजी म्हणाले, "त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी रडलो असतो मी. त्याची आई रोज त्याचं ताट वाढून ठेवते. येईल म्हणून मीच सांगितलंय तिला. तुझ्या भरवशावर."

"मी येतो, काका. काकूंना मी सांगतो."

"नको. सांगेन मीच. तू दाराशी उभा राहा. मी पडलो तर उचलायला कुणीतरी पाहिजे."

ते घरात गेले. शिष्य दाराबाहेर उभा राहिला. काही वेळाने आतून त्या माऊलीचा हंबरडा ऐकू आला. शिष्याला पळून जावंसं वाटलं, पण तो जागचा हलला नाही. हा आक्रोश आपण टाळला नव्हता, फक्त पुढे ढकलला होता, आणि तेवढे दिवस त्यात भरच घातली होती, हे त्याला तिथे उभं असताना कळलं.

वाचकहो, तुमच्याकडे अशी एखादी बातमी कुणाला सांगायची राहिली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्या घरी जाऊन या.