धनेशाच्या ढोलीतली उंबरं

"अगं खारूताई, ऐकलंस का? आपली सगळ्यांची उंबरं मुखिया वानर गुपचूप धनेशाच्या घरी..." एवढंच बोलून साळुंकी भुर्रकन उडाली. पशुपक्षी बोलत होते त्या काळची ही गोष्ट. त्या रानात ज्याने त्याने रोज एक उंबर सामाईक ढोलीत टाकायचं, अडल्यानडल्यासाठी, अशी रीत होती.

आता खारीला कुठला धीर! "उद्यापासून एक उंबर देणार नाही, कुणाला देऊही देणार नाही," म्हणत ती तरातरा धनेशाच्या झाडावर चढली. तिथे धनेशाची बायको धनेश पक्ष्यांच्या रीतीप्रमाणे आपल्या ढोलीचं तोंड मातीने लिंपून पिल्लांसह आत बसली होती आणि वानर फटीतून उंबरं सरकवत होता.

"सापडलात मुखिया! सोयऱ्याधायऱ्यांची घरं भरताय?"

"अगं बाई, धनेशाचा पंख मोडलाय. हिला भरवणार कोण?"

फटीतून चोच बाहेर आली. खारीने गालातलं स्वतःचं उंबर काढून पुढे केलं. मग म्हणाली, "पण लपूनछपून का? चारचौघांत सांगितलं असतंत, तर दोन-दोन दिली असती सगळ्यांनी."

"चुकलंच माझं," वानर डोकं खाजवत म्हणाला. "आणि तुझा संशयही अगदीच खोटा नाही. वाटेत दोन मी खाल्ली."