ठकूमायचे गार पैसे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरसांगवीच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि बाजार नदीच्या घाटावर, पायऱ्यांच्या माथ्याशी भरायचा. त्या बाजारात चिंचेखाली ठकूमाय नावाची भडभुंजी बसायची. समोर भट्टी, भट्टीवर तापल्या वाळूची कढई आणि कढईत तडतडणाऱ्या लाह्या. बारशाचे फुटाणे तिचेच आणि तिरडीवर उधळायच्या लाह्याही तिच्याच. बाई तोंडाने फटकळ होती. कुणी मूठभर जास्त मागितलं, की त्याच्या आजोबापासून उद्धार व्हायचा.

ठकूमायचे हात जन्मभर आगीजवळ राहिलेले. शिवराई असो की ढब्बू, तिच्या मुठीत गेलेला पैसा लगेच तापायचा. पण अधूनमधून एखादा असा यायचा, की तो तापतच नसे. भट्टीच्या कडेवर ठेवला तरी नुकताच विहिरीतून काढल्यासारखा गार. बाजार उठला की लाह्यांतले न फुटलेले दाणे निवडावेत, तसे ती हे पैसे निवडून एका गाडग्यात टाकी. तिला वाटे, धातूच निराळा असेल, सवडीने सोनाराला दाखवू.

सोनाराकडे जायची वेळ आलीच नाही. एका बाजारी भर दुपारी रावजी पाथरवट तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. हात ओला होता. ठकूमायच्या हातातला झारा तसाच राहिला, कारण रावजीच्या तिरडीवर गेल्याच पावसाळ्यात तिच्या लाह्या उधळल्या होत्या. तिने घाबरत गाडग्यातला एक पैसा त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याने मान हलवली. तिने दुसरा ठेवला. तो त्याने तोंडात टाकला आणि घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात गेला. भट्टीभोवती राख पसरलेली होती. राखेत त्याचं पाऊल उमटलं नव्हतं, असं म्हणतात.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. गरिबाघरी मेलेल्याच्या तोंडात घालायला सोनं कुठलं? तिथे पैसाच घालतात. मग राख नदीत जाते, वाळू चाळणाऱ्यांना तो पैसा सापडतो आणि बाजारात फिरू लागतो. ज्याचा पैसा असा परत आला, तो माणूस अलीकडच्या काठावरच अडकून राहतो.

त्या दिवसापासून ठकूमाय गार पैसे जपू लागली. लोक आधी हसले. मग एकेकाने आपल्याकडचा पैसा मुठीत मिटून पाहिला आणि हसणं बंद झालं. गार लागलेला पैसा जो तो गुपचूप तिच्याकडे आणून देऊ लागला. दुपारी बाजार ओस पडे, तेव्हा ओले हात पुढे येत, आणि ती ज्याचं त्याला देऊन टाकी.

एका वर्षी पुराने काठ खचवला. त्यानंतरच्या बाजारात फुटाण्यांच्या बदल्यात तिच्या हातात एक ढब्बू पडला. गार, आणि मधोमध भोक पाडलेला. ते भोक तिनेच पाडलं होतं, लेकीच्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवायला. तिची भागी तापाने गेली तेव्हा तिला नदीकाठीच पुरलं होतं, आणि हाच ढब्बू तिच्या तोंडात घातला होता.

दुपारी भागी आली. केसांतून पाणी गळत होतं. तिने हात पुढे केला आणि ठकूमायने ढब्बू कमरेला खोचला. पैसा दिला तर पोर जाणार. नाही दिला तर रोज येणार. कोणती आई देईल?

भागी रोज येऊ लागली, म्हणून बाजार नसला तरी ठकूमाय भट्टी पेटवून बसू लागली. ठकूमाय तिच्याशी बोले, तिच्या ओंजळीत लाह्या घाली. लाह्या भिजून खाली पडत. हळूहळू कढईतले दाणे फुटेनासे झाले. लाकडं घातली तरी भट्टी तापेना. भागीच्या मागे आणखी ओली माणसं उभी राहू लागली, आणि ठकूमाय त्यांच्याकडे पाहीना. भागीचा चेहरा तर रोज थोडा पुसट होत होता. शेवटी आईला लेकीचे डोळेही नीट दिसेनात.

तेव्हा भागी बोलली. "माय, मला उशीर व्हायलाय."

ठकूमाय रडली. मग तिने कमरेचा ढब्बू काढून लेकीच्या तळव्यावर ठेवला.

"तू कवा येशील?" भागीने विचारलं.

"समद्यांचं देऊन झालं की येते. तू पुढं हो."

भागी पायऱ्या उतरून गेली. मागे भट्टीत जाळ उठला आणि लाह्या फुटू लागल्या.

पुढे ठकूमाय म्हातारी होऊन वारली. तोंडात पैसा घालू नका, इतक्यात मला निघता येणार नाही, असं ती सांगून गेली होती. गावाने तिचा पैसा भट्टीच्या कडेवर ठेवला, केव्हा निघायचं ते तिचं तिने ठरवावं म्हणून.

आता पूल झाला आहे. भट्टी विझून किती वर्षं झाली, कुणाला आठवत नाही. पण बोरसांगवीच्या बाजारात आजही पहिल्या विक्रीचं नाणं मुठीत धरून पाहतात. गार लागलं, तर मूठभर लाह्यांबरोबर त्या भट्टीवर नेऊन ठेवतात. दुपार टळली की लाह्या तिथेच असतात, नाणं नसतं. मात्र कडेवरचा ठकूमायचा पैसा कुणी नेत नाही. हात लावून पाहा, कोमट लागतो. अजून तिच्या मुठीतच आहे, असं म्हणतात.