मिटलेली फट

होड्यांना नुकती कुठे इंजिनं बसू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. खाडीतल्या एका होडीचं इंजिन दोन बोल्टांनी आवळलेलं होतं. त्यातल्या एका नटाखाली एक स्प्रिंग वॉशर, म्हणजे एका जागी चिरलेलं पोलादी कडं, चेपून बसला होता. दुकानात खिळ्याला टांगलेला असताना त्याची टोकं उघडी असत आणि मधल्या फटीतून त्याला आभाळ दिसायचं. आता ती फट मिटली होती. पुन्हा उघडायच्या ओढीने तो रात्रंदिवस नटाला वर ढकलत राही.

शेजारच्या नटाखालचा म्हातारा वॉशर त्याला हसे. "कशाला जीव काढतोस रे पोरा? मी कधीच सपाट झालो. आता काही वाटत नाही बघ, सुखात आहे."

एका दुपारी भर खाडीत इंजिन थडथडू लागलं. म्हाताऱ्याचा नट फिरत फिरत निघाला आणि तळात पडला. सगळा भार पोराच्या बोल्टवर आला. वॉशर जितका वर ढकले, तितका नट आट्यांत घट्ट रुते. होडी कशीबशी धक्क्याला लागली.

होडी हाकणाऱ्या धर्मा तांडेलाने दोन्ही वॉशर काढून फळीवर ठेवले. वर एवढं मोकळं आभाळ होतं, पण म्हातारा सपाटच पडून राहिला. दुसऱ्याची टोकं मात्र टणकन उघडली. फटीत निळं आभाळ भरलं.

"याच्यात जीव आहे अजून," धर्मा म्हणाला, आणि त्याने त्याला पुन्हा नटाखाली घालून पान्याने आवळलं.

आभाळ मिटलं. वॉशर पुन्हा ढकलू लागला.