नाव न घेता वाढलेली पंगत

नदीकाठच्या एका गावी भाषांतरविद्येची एक पाठशाळा होती, आणि त्या पाठशाळेत एकदा एक अर्ज फारच सुंदर झाला. आता अर्ज आणि सौंदर्य यांचे फारसे पटत नाही, हे कुठल्याही कचेरीची पायरी चढलेल्या माणसाला ठाऊक आहे. परंतु हा अर्ज खरोखरच देखणा होता. प्रवेशासाठी कागदी अर्ज घेणे पाठशाळेने त्या वर्षापासून बंद केले होते. संगणकावर उघडावा, तिथल्या तिथे भरावा आणि पाठवून द्यावा, असा अर्ज सिद्ध करण्याचे काम वृद्ध आचार्यांनी आपल्या एका शिष्यावर सोपवले होते. शिष्य हुशार होता, कष्टाळू होता, आणि आपण हुशार आहोत याची त्याला थोडीशी कल्पनाही होती.

त्याने अर्जाच्या कडेने पिंपळपानांची नक्षी काढली. प्रत्येक चौकटीच्या वर, तिच्यात काय लिहायचे ते नाजूक राखाडी अक्षरांत मांडले. जी माहिती देणे भागच आहे, तिथे एक लाल चांदणी ठेवली. पाहणारा प्रत्येक जण वाहवा करू लागला, आणि शिष्य नम्रपणे मान खाली घालून आणखी वाहवा होण्याची वाट पाहू लागला.

मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना त्याला एका मुलीचा फोन आला.

"नमस्कार सर, मी कावेरी. सीमेवरच्या गावातनं बोलतेय. घरात कानडी, शाळेत मराठी, म्हणून तुमच्याकडे शिकायचंय. मला दिसत नाही. संगणकावर मी स्क्रीन रीडर वापरते, तो पडद्यावरचं सगळं मला वाचून दाखवतो. पण तुमचा अर्ज उघडला की तो नुसतं म्हणतो, 'लिहिण्याची जागा, रिकामी. लिहिण्याची जागा, रिकामी.' कसली जागा ते सांगतच नाही. अंदाजानं भरून पाहिला, तर म्हणतो, 'काहीतरी भरायचे राहिले आहे.' काय, तेही सांगत नाही."

शिष्याला मनापासून वाईट वाटले. तो म्हणाला, "अहो ताई, एवढंच ना? घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा. नाहीतर मला फोनवर सांगत जा, मीच भरून देतो. दोन मिनिटांचं काम."



"गेल्या वर्षी दादानं भरून दिला होता," कावेरी म्हणाली. "मला यायचं होतं तुमच्याकडे. त्यानं भरला टेलिफोन ऑपरेटरच्या कोर्सचा. माझ्या भल्यासाठीच हं. घरापासून जवळ होता ना. त्यात शेवटी विचारलं होतं, हा अभ्यासक्रम का निवडला? त्यानं लिहिलं, 'लहानपणापासून आवड आहे.' मग काय, वर्षभर मी ती आवड सांभाळत बसले!" ती हसली, पण लगेच थांबली. "या वेळी माझा अर्ज मला भरायचाय, सर. आणि रविवारी मुदत संपतेय."

"बघतो," शिष्य म्हणाला. परंतु फोन ठेवताना त्याच्या कपाळाला एक बारीकशी आठी पडली होती. संध्याकाळी त्याने सारी हकीकत आचार्यांच्या कानावर घातली आणि शेवटी म्हणाला, "मी स्वतः भरून देतो म्हटलं, तरी समाधान नाही. आणखी काय करायचं माणसानं?"

आचार्यांनी एवढेच विचारले, "उद्या वर्धापनदिनाची पंगत. तू वाढायला असशील ना?"

"दर वर्षी असतोच."

"उद्या बस. पहिलं पान तुझं. एवढा देखणा अर्ज केलास, काही मान नको का?"

दुसऱ्या दिवशी ओसरीवर केळीची पाने मांडली गेली. पहिल्या पानावर शिष्य बसला आणि दुसऱ्यावर साक्षात आचार्य. मीठ, लिंबू, चटणी आपापल्या जागी आधीच वाढलेली होती. श्लोक म्हणून झाला, आणि पहिला वाढपी पातेल्यावर फडके टाकून शिष्यासमोर उभा राहिला.

"वाढू?" त्याने विचारले.

"काय आहे?"

"वाढू?"

वाढपी ओळखीचा होता, कालपर्यंत शिष्याबरोबर एकाच बाकावर बसणारा. आज मात्र चेहऱ्यावर ओळख नव्हती. शिष्याला वाटले, काहीतरी गंमत चालली आहे. तो म्हणाला, "वाढ." फडक्याखालून डाव आला आणि पानात कारल्याच्या भाजीचा ढीग पडला. कारले हा शिष्याचा जन्माचा वैरी. त्यातून पाठशाळेचा दंडक असा की, पानात पडलेले टाकायचे नाही.

दुसरा वाढपी आला. तोही फडके टाकून, तेच "वाढू?" शिष्य आता सावध झाला होता. त्याने घाईने पानावर हात आडवा धरला. "नको, नको!" वाढपी एक पाऊल पुढे सरकला, आचार्यांसमोर येताच त्याने फडके दूर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जिलबी घ्या, जिलबी!"

"वाढ बाबा," आचार्य म्हणाले. "गरम दिसतेय."

"अरे, मलाही वाढ की!" शिष्य ओरडला, पण वाढपी तोवर पाचव्या पानावर पोहोचला होता. सबंध पंगतीला पदार्थांची नावे ऐकू येत होती, पातेली उघडी दिसत होती. झाकलेले पातेले आणि मुका वाढपी एवढे फक्त पहिल्या पानाच्या वाट्याला. मसालेभाताच्या आशेने त्याने 'वाढ' म्हटले, तर दुधी भोपळा आला. 'नको' म्हटले, तो मसालेभातच होता. माझ्या मते माणसाची खरी परीक्षा संकटात होत नाही, शेजारच्या पानावर जिलबी पडताना होते.

"आचार्य, हे काय चाललंय?" शिष्य अखेर काकुळतीला आला. "मला काही कळतच नाही, मी कसं सांगणार हवं की नको?"

"एवढंच ना?" आचार्य अतिशय प्रेमाने म्हणाले. "मी आहे की शेजारी. मी सांगतो तुझ्या वतीनं. तू निवांत जेव."

आणि त्यांनी खरोखरच सांगायला सुरुवात केली. जिलबी दुसऱ्यांदा आली तेव्हा ते म्हणाले, "त्याला नको, गोडानं सुस्ती येते त्याला." मठ्ठा आला, "नको, सर्दीची प्रकृती आहे." कारले फिरून आले तेव्हा मात्र त्यांनी आग्रहाची शर्थ केली. "वाढ, चांगलं डावभर वाढ. लाजतोय तो." शिष्य तोंड उघडी, तोवर कारले पानात पडलेले असे.

कसेबसे सारे संपवून तो उठू लागला, तर वाढप्यांचा म्होरक्या आडवा आला. "उठता येणार नाही. पानात काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय?"

"काहीतरी."

शिष्य चमकला. हे शब्द त्याने कुठेतरी ऐकले होते. ऐकलेच काय, स्वतःच्या हाताने लिहिले होते. तो तसाच खाली बसला आणि आचार्यांकडे पाहू लागला. आचार्य जिलबीचा शेवटचा तुकडा तोंडात घालत होते.

तो संपवून ते म्हणाले, "अरे, वाढपी 'जिलबी, जिलबी' म्हणत का येतो? न दिसणाऱ्यांचीच पंगत असते म्हणून? चांगले डोळस लोक बसलेले असतात. पण कुणी गप्पांत असतो, कुणी मान खाली घालून जेवत असतो. नाव ऐकलं की ज्याचं त्याला ठरवता येतं. त्याला कुणी उपकार म्हणत नाही, नीट वाढणं म्हणतात. तू चौकटीच्या वर नाव रंगवलंस, पण चौकटीला नाव दिलंच नाहीस. ती मुलगी दारात येऊन विचारते, ही कसली जागा? आणि तुझी चौकट म्हणते, 'वाढू?'"

आचार्यांनी मठ्ठ्याचा घोट घेतला.

"आणि मी तुझ्या वतीनं बोललो, त्यात माझा काही वाईट हेतू होता?"

"नाही."

"कारलं प्रकृतीला चांगलंच असतं. माझी मायाही खोटी नव्हती. पण पान तुझं होतं."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्यातले थोडे कारल्याचे असेल. परंतु बाकीचे खरे होते. त्याला फोनवरचे ते मध्येच थांबलेले हसू आठवले आणि फार लाज वाटली. हात धुऊन तो तडक संगणकापुढे जाऊन बसला. त्याने प्रत्येक चौकटीला तिचे नाव जोडले, असे की वाचून दाखवणारे यंत्र त्या चौकटीत शिरताच ते उच्चारील. मग त्याने कावेरीला फोन केला.

"ताई, अर्ज मी भरून देणार नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही भरून पाहाल का? जिथं अडेल तिथं मला सांगा. मी दुरुस्त करतो."

"अस्सं? थांबा, उघडते," ती म्हणाली. तिचा आवाजच बदलला होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, मला पिंपळाखाली बसवलंत की काय? 'चित्र, चित्र, चित्र' असंच चाललंय. पानं पडायची थांबतच नाहीत."

नक्षी ही केवळ नक्षी आहे, ती वाचू नकोस, हे यंत्राला सांगून ठेवायचे असते, हे शिष्याला तेव्हा कळले. पाने पाहणाऱ्यांसाठी जिथल्या तिथे राहिली आणि ऐकणाऱ्यांसाठी गप्प झाली.

"आता 'तारा' म्हणतोय. माझी पत्रिका मांडताय का?"

ती लाल चांदणी होती. तिथे त्याने सरळ 'आवश्यक' असा शब्द लिहिला. मग कावेरीला आढळले की, नावानंतर अर्ज एकदम सहीवर उडी मारतो. "वाचायच्या आधीच सही मागतोय हा. लबाड दिसतोय," ती म्हणाली. शिष्याने चौकटींचा क्रम लावला. शेवटी तिने मुद्दाम जन्मतारीख सोडून दिली, तेव्हा अर्ज म्हणाला, 'जन्मतारीख भरायची राहिली आहे,' आणि तिला अदबीने त्या जागी घेऊन गेला. दोघेही इतके मोठ्याने हसले की, शेजारच्या खोलीतले आचार्य बाहेर येऊन पाहून गेले.

गंमत अशी की, तो अर्ज आता सर्वांनाच सोपा झाला. ज्यांची दृष्टी वयाने मंद झालेली, जे घाईत असतात, ज्यांना चांदणीचा अर्थ कधी कळलाच नव्हता, त्या साऱ्यांनी तो विनातक्रार भरला. चांगल्या वाढण्याचा हाच गुण आहे, ते एकाच पानापुरते राहत नाही.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"पाठवला, सर!" कावेरी म्हणाली. "सगळा माझा मी."

शिष्याला इतका आनंद झाला की, न राहवून त्याने विचारले, "मग, भाषांतर का शिकायचंय म्हणून लिहिलंत?"

"दादाही सकाळपासून तेच विचारतोय," ती म्हणाली. "त्यालाही नाही सांगितलं."

शिष्याने जीभ चावली. "बरोबर आहे. निवड व्हावी, एवढीच इच्छा."

"व्हावी तर खरीच. पण नाही झाली तरी तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं," कावेरी म्हणाली. "गेल्या वर्षी दादाची निवड झाली होती, सर. या वेळी नाकारलं, तर निदान मला नाकारतील."