तहानलेली भिंत

बालाघाटाच्या उतरणीला वाघेगव्हाण नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला महादेवाचं पडकं देऊळ, आणि त्या देवळाच्या ओवरीत श्रीवनानंद महाराजांचा मुक्काम होता. कुठून आले, कुणाचे कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगावर एक कांबळं आणि हातात वाळक्या भोपळ्याचा तुंबा, एवढाच संसार. दिवसातून चार शब्द बोलले तरी पुष्कळ. पण ज्याच्याशी बोलत, त्याची एकतर झोप उडे, नाहीतर ताप उतरे. अशा महाराजांच्या पायांशी मन ठेवून, भाविकहो, त्या गावच्या एका भिंतीची हकिगत सांगतो. ऐकताना अंगावर काटा आला तर येऊ द्यावा. देवाच्या वाटेवर कधीकधी भीतीच पुढे चालते आणि दिवा धरते.

त्या साली शिमग्याच्या सुमारास गावोगाव हिंडून लोहारकी करणारा लिंबाजी घिसाडी आणि त्याची बायको येसू बैलगाडा घेऊन गावात आली. गाड्यावर ऐरण, भाता, चार भांडी; गाड्यामागे एक कुत्रं. लिंबाजी तापलं लोखंड धरायचा आणि येसू घण घालायची. सातवा महिना लागला होता, तरी तिचा घण चुकत नव्हता. याआधी तिची दोन लेकरं गाड्याखाली जन्मली होती, आणि दोन्ही रस्त्याच्या कडेलाच पुरावी लागली होती. तिसरं छपराखाली जन्मावं, एवढं एकच तिनं देवाजवळ मागितलं होतं.

गावाला लोहार हवाच होता. चार जाणत्यांनी ओढ्यापलीकडचा खडकाळ माळ त्यांना द्यायचं ठरवलं. पण गावचे पाटील हैबतराव साठीला आलेले, शब्दाचे कडक आणि जिभेचे तिखट. ते चावडीवर हसून म्हणाले, "घिसाड्याला घर म्हणजे बेडकाला पागोटं. बांधा की. पण माझ्या रानातली बाभूळ तोडायची नाही, खाणीतला दगड घ्यायचा नाही, शेतातली माती उकरायची नाही. आखितीच्या दिवशी सूर्य बुडायच्या आत छपराखाली चूल पेटली तर माळ तुमचा. नाहीतर गाडा जुंपायचा."

लोक हसले. लिंबाजीनं मान खाली घातली. येसूनं मात्र हिशोब केला, की आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, हातात सात आठवडे आहेत.

संध्याकाळी दोघं देवळात गेली. येसूनं महाराजांना विचारलं, घर होईल का? महाराजांनी खाली उभ्या असलेल्या गाड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जायची सोय ठेवून घर होत नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडा मोडला. गाड्याच्या तळाच्या फळ्यांचं दार झालं, जुवाचं लाकूड दारावर आडवं गेलं, आसाच्या लोखंडातून लिंबाजीनं बिजागऱ्या आणि खिळे ठोकले. ओढ्यातले गोटे पायाला आले. पडक्या विहिरीच्या मोटेची जुनी लाकडं एका म्हातारीनं तुळईला दिली. तुराट्या शेतकरी जाळतातच, त्या छपराला मागून आणल्या. राहिली माती. माळावरची माती मुरमाड, तिची भिंत उभी राहत नाही.

माती होती ती जुन्या गावठाणाची. कोसभर अंतरावर जुनं वाघेगव्हाण ओस पडलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी पटकीची साथ आली आणि गाव उठून इकडे आलं. त्या ओसाड पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, कुणी जात नसे, आणि तिथल्या जुन्या घरांची माती पिठासारखी मऊ, चिकट आणि पांढरीशुभ्र. तिच्यावर कुणाची मालकी नव्हती. येसू आणि लिंबाजी टोपल्या घेऊन तिथं गेली.

इथं तिची चूक झाली. आपल्याकडे जुन्या पांढरीचं ढेकूळ उचलण्याआधी तिथं पाण्याची धार धरतात आणि मोठ्यानं विचारतात, नेऊ का म्हणून. घरात वाढलेल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. येसू उघड्या आभाळाखाली वाढलेली. तिला कोण सांगणार? आणखी एक तिनं आपल्या चांगुलपणानं केलं. एकाच घराची माती उकरली तर ते घर अगदीच उघडं पडेल, असं तिला वाटलं. म्हणून तिनं प्रत्येक पडक्या घरातून एकेक टोपली घेतली. पुन्हा पहिल्यापासून फेरी, पुन्हा एकेक टोपली. चाळीस घरांची माती तिनं एकाच खड्ड्यात कालवली, भुसा आणि शेण घातलं, पायांनी तुडवली आणि थरावर थर चढवला.

पाटलांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते स्वतः माळावर आले. म्हणाले, मोठ्या घरातली पण घेतलीस का, चौकटीला दगडी कमळं असलेल्या? येसू म्हणाली, "घेतली की. चुलीपाशी चांगली चिकट हुती." पाटलांच्या तोंडावरचा रंग गेला. मग ते एवढ्या जोरात हसले की बैल बुजले. त्या दिवसापासून त्यांची थट्टा वाढली. चावडीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, घिसाडी मढ्यांचं घर बांधतोय, वास्तुशांतीला यमाला बोलावणार आहे.

भिंती पुरुषभर उंच झाल्या. आता त्या वाळल्या की छप्पर घालायचं. चैत्र संपत आला, माळावर पाय ठेववत नव्हता, गोटे उन्हानं तडकत होते. पण भिंत वाळेना. ती ओली, काळपट आणि गार राहिली. पहिले दोन दिवस लिंबाजी म्हणाला भुसा जास्त झाला असेल. आठवडा गेला, मग तो रात्री उठून भिंत चाचपू लागला. भरून ठेवलेली घागर दुपारपर्यंत रिकामी होई. घागरीला तडा नव्हता, खालची जमीन कोरडी होती.

एका भर दुपारी येसू त्या बिनछपराच्या चार भिंतींत एकटी बसली होती. वारा पडला होता, कावळासुद्धा ओरडत नव्हता. तिला जात्याची घरघर ऐकू आली. आवाज माळावरून येत नव्हता, भिंतीतून येत होता. मग कुणीतरी खोकलं. कोंबड्यांना बोलावतात तसं एका बाईनं हळू बोलावलं. लहान पोर हसता हसता थांबावं तसं काहीतरी झालं, आणि सगळं गप्प. येसूनं भिंतीला हात लावला. वैशाखाच्या उंबरठ्यावरच्या उन्हात ती भिंत बुडालेल्या माणसाच्या हातासारखी गार होती. आणि तिच्या तळव्याशेजारी भिंतीवर एक पंजा होता. ठसा आत दबलेला नव्हता. बाहेर आलेला होता.

दुसऱ्या दिवशी पाच पंजे होते. तिसऱ्या दिवशी मोजायचं तिनं सोडलं. लिंबाजी थापीनं ते सारखे करी, आणि दुपार झाली की ते आतून पुन्हा वर येत.

आखितीला तीन दिवस उरले तेव्हा लिंबाजी देवळात गेला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. येसू मागे उभी होती, कमरेवर हात देऊन. तिचे दिवस भरत आले होते. लिंबाजीनं सगळं सांगितलं आणि म्हणाला, भिंती पाडतो, माती होती तिथं टाकून येतो. मोडलेल्या गाड्याला पुन्हा चाकं लावता आली तर बघतो.

महाराजांनी येसूला विचारलं, "तुला काय वाटतं?"

येसू म्हणाली, "भ्या वाटतंय, महाराज. पण त्यांनी मला काय केलं न्हाई. चाळीस वर्सं बिनघराची हायेत ती. बिनघराचं राहणं म्या बघितलंय. मी कशी त्यास्नी परत उघड्यावर नेऊन टाकू?"

महाराजांचे डोळे भरून आले. "पटकीत मेलेली माणसं आहेत ती," ते म्हणाले. "त्या वेळी समज होता, पटकीच्या रोग्याला पाणी पाजू नये. पाणी पाणी करत गेली सगळी. वाचलेले पळाले, आणि नव्या गावात त्यांच्या नावानं एकाही आखितीला पाण्याची घागर दिली नाही, कारण नाव घेतलं की आठवण येते. बाई, तुझी भिंत ओली नाही. तहानलेली आहे."

आखितीचा दिवस उजाडला. घराघरांत इतर पितरांच्या नावानं घागरी भरल्या गेल्या, आणि दुपारी सारा गाव गंमत बघायला माळावर जमला. हैबतराव पाटील पुढे, सावलीसाठी धरलेल्या घोंगड्याखाली. म्हणाले, चूल तर दिसत नाही, बैल कुठं आहेत?

तेवढ्यात महाराज देवळाची टेकडी उतरून आले. बारा वर्षांत ते पहिल्यांदाच खाली उतरले होते, त्यामुळे लोक आपोआप बाजूला झाले. हातात तोच तुंबा, शेरभर पाण्याचा. महाराज भिंतीपाशी गेले, कान लावून थांबले, जसं दाराआडच्या माणसाचं ऐकावं. मग म्हणाले, "सटवाजी साळी, पाणी घे." आणि भिंतीवर धार धरली. पाणी खाली ओघळलं नाही. भिंतीनं ते आत ओढलं, घोट घेतल्याचा आवाज झाला, आणि तेवढ्या जागेवरची माती सर्वांच्या देखत पांढरी, कोरडी झाली.

गर्दीतली एक म्हातारी मटकन खाली बसली. सटवाजी तिचा बाप होता.

महाराज एकेक पाऊल सरकत होते, कान लावत होते, नाव घेत होते. भागाबाई. कोंडाजी न्हावी. रंगू, तीन वर्षांची. प्रत्येक नावाला गर्दीत कुणीतरी तोंडावर पदर घेत होतं. एकोणचाळीस घरांची माणसं झाली, शे-सव्वाशे नावं झाली, आणि शेरभर पाण्याचा तुंबा भरलेला तो भरलेलाच. भिंती पिठासारख्या पांढऱ्या दिसू लागल्या.

एक डाग राहिला. चुलीसाठी राखलेल्या जागेजवळ, बसलेल्या बाईएवढा. महाराज त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी तुंबा खाली ठेवला.

"हे नाव मी घेणार नाही," ते म्हणाले. "घेणारा इथं उभा आहे."

पाटील म्हणाले, ओल आहे ती, सावलीची बाजू आहे. पण ऊन नेमकं त्याच जागेवर पडलं होतं, आणि पाटलांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

तेव्हा भिंतीतून आवाज आला. बंद दारामागून यावा तसा, दमलेला.

"हैबत्या, कडी काढ."

साऱ्या गावानं ऐकला तो. पाटील घोंगड्याखालून पुढे येऊन भिंतीसमोर बसले. अठरा वर्षांचे असताना त्यांनी आईला चुलीपाशी पडलेली सोडून बाहेरून कडी घातली होती. रोग मागून येऊ नये म्हणून सगळ्यांनी तसं सांगितलं होतं. वेशीपर्यंत तिची हाक ऐकू येत होती, आणि त्यांनी कानांवर हात ठेवले होते. हे सगळं त्यांनी तिथंच, मातीत बसून, तुटक तुटक सांगितलं. आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

महाराजांनी तुंबा त्यांच्याकडे सरकवला. पाटलांनी तो दोन्ही हातांनी उचलून भिंतीवर धार धरली. "आई," ते म्हणाले, आणि मग तिचं नाव, "तान्हाई. पाणी घे गं. उशीर झाला."

भिंत बराच वेळ प्यायली. डाग कडेनं उजळत आत आत आला आणि मिटला. पाटील तोंड टेकून तिथंच पडून राहिले. कुणाला पुढं व्हायचा धीर होईना. शेवटी येसू जड पावलांनी जवळ गेली.

"पाटील, उठा," ती म्हणाली. "दिस कलायला लागलाय. तुळई उचलू लागा."

पाटील उठले. मग सारा गावच उठला. तुळया चढल्या, तुराट्या पसरल्या, त्यावर पळसाची पानं, त्यावर माती. मातीची शेवटची पाटी पाटलांनी स्वतःच्या डोक्यावरून चढवली. सूर्य टेकडीला टेकला असताना येसूनं दोन गोवऱ्या रचून फुंकर घातली, आणि नव्या छपराच्या धुराड्यातून धूर वर निघाला.

ज्यांनी या माणसांना माळावरून हाकलायचं ठरवलं होतं, ते हैबतराव दाराबाहेर थांबले होते. त्यांनी विचारलं, "येसूबाई, आत येऊ का?"

"तुमच्या मायचं घर हाय," येसू म्हणाली. "इचारताय काय?"

पाटलांनी पागोटं काढलं. आधी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि दाराकडे वळवलं. मग वाघेगव्हाणचे पाटील घिसाड्याच्या घराच्या उंबऱ्यावर कपाळ टेकून वाकले, आणि आतला धूर डोळ्यांत जाईपर्यंत तसेच राहिले.